वेडाचा शिक्का आणि मेंदूचा दाह

सन २००७ मध्ये जोसेप दालमाऊ या मूळच्या स्पॅनिश मेंदूविकारतज्ज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून बारा स्त्रियांच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. चौदा ते चव्वेचाळीस वर्षे वयाच्या या स्त्रिया थोड्याच अवधीत भ्रमिष्टासारख्या वागू लागल्या होत्या. आधी भास, संशय, विचित्र वर्तन, विस्मरण. पुढे आकडी, बेशुद्धी आणि अनेकींच्या बाबतीत श्वासासाठी यंत्राचा आधार. जवळजवळ सर्वांच्याच बीजाशयात एक विशिष्ट प्रकारची गाठ आढळली. त्या गाठीत मज्जासंस्थेच्या पेशी होत्या. त्यांना परके समजून शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने जी प्रतिपिंडे निर्माण केली, ती मेंदूतील ‘एनएमडीए’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्राहकांवरच हल्ला करीत होती. गाठ काढून टाकली, प्रतिकारयंत्रणेला लगाम घालणारी औषधे दिली आणि यांतील बहुतेक स्त्रिया सुधारल्या. या प्रकारच्या विकारांना आता स्वप्रतिकारजन्य मेंदूदाह, डॉक्टरांच्या भाषेत ‘ऑटोइम्यून एन्सेफलायटिस’, असे म्हणतात. २००७ पूर्वी असे रुग्ण जगात नव्हते असे थोडेच आहे? ते होते, आणि त्यांतील कित्येकांची नोंद मनोरुग्णालयांच्या दप्तरातच झाली असली पाहिजे.

त्यानंतर या विकाराविषयीचे ज्ञान झपाट्याने वाढले. २०१३ मध्ये ५७७ रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील ८१ टक्के रुग्ण स्त्रिया होत्या आणि निम्मे रुग्ण एकवीस वर्षांच्या आतबाहेरचे होते. गाठ सर्वांनाच असते असे नाही; काहींना नागिणीच्या जातीतल्या विषाणूमुळे झालेल्या मेंदूज्वरानंतर हा विकार जडतो, तर पुष्कळांच्या बाबतीत कारण सापडत नाही. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के रुग्ण दोन वर्षांत चांगल्या स्थितीला आले. उपचार जितका लवकर सुरू झाला, तितका तो अधिक फळला. वैद्यकाच्या दृष्टीने ही मोठीच आशादायक गोष्ट होय. मात्र ‘लवकर’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक वस्तीत सारखा नसतो, आणि प्रश्न येथूनच सुरू होतो.

वसई-विरारसारख्या शहराला या विकाराशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील ऑल्मस्टेड परगण्यात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षाला दर लाख लोकसंख्येमागे ०.८ नवे रुग्ण आढळले. जंतुसंसर्गाने होणाऱ्या मेंदूज्वराचे प्रमाणही तेथे जवळपास तेवढेच निघाले. वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२,२२,३९० होती. आज ती पुष्कळच अधिक आहे. परक्या परगण्याचा दर आपल्याकडे जसाच्या तसा लावणे शास्त्राला धरून नाही. तरीही अंदाजापुरता तो लावला, तर जुन्या लोकसंख्येवरसुद्धा वर्षाला दहाच्या आसपास रुग्ण होतात. दहा वर्षांत शंभर. हे शंभर लोक कोठे आहेत, याचे उत्तर पालघर जिल्ह्याच्या आरोग्ययंत्रणेला मागता येईल काय?

त्यांच्यापैकी एकीचा मार्ग केवळ कल्पनेने आखून पाहावा. नालासोपारा पूर्वेला संतोष भुवनच्या चाळीत राहणारी, वालीवच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे पॅकिंगचे काम करणारी विशीतली मुलगी. चार दिवस ताप आणि डोकेदुखी होते. गल्लीतला डॉक्टर ‘व्हायरल’ म्हणून गोळ्या देतो. आठवड्याने तिची झोप उडते. डब्यात कोणी तरी काही तरी घातले आहे असे ती म्हणू लागते, आईवर ओरडते, मध्येच हसते. शेजारीण ‘बाहेरचे’ असल्याचे सुचविते. मग कोणी भगताकडे नेते, कोणी दर्ग्यावर, कोणी प्रार्थनासभेला. या बाबतीत वसई तालुक्यात सर्व धर्मांची उत्तम एकजूट आहे. यात पंधरा दिवस जातात आणि कंत्राटदार तिच्या जागी दुसरी मुलगी घेतो. पुढे एखादा डॉक्टर मनोविकाराचे औषध सुरू करतो. त्याने ती शांत होण्याऐवजी लाकडासारखी ताठते, बोलणे बंद होते, जबडा व ओठ आपोआप हलत राहतात. आजार बळावला, असे घरचे समजतात. वस्तुतः या मेंदूदाहात मनोविकाराची काही औषधे मुळीच सोसत नाहीत, आणि अशी प्रतिक्रिया हीच निदानाची एक खूण असते.

आता तिला न्यायचे कोठे? १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, पण मनोरुग्णांसाठी त्याची वाट अद्यापि १९०१ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मनोरुग्णालयाकडेच जाते. वसईहून ठाण्याला जायचे तर घोडबंदरचा रस्ता. वर्सोव्याच्या खाडीपुलाजवळची कोंडी ज्याने भोगली नाही असा वसईकर विरळा. वसई रोड ते दिवा या लोहमार्गावर प्रवासी गाड्या मोजक्याच. मुंबईच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात न्यायचे, तर ताठलेल्या मुलीला घेऊन विरारच्या लोकलमध्ये चढावे लागते; ते ज्यांना अशक्य आहे त्यांनी खाजगी गाडीचे भाडे मोजावे. आणि पोहोचल्यावर पहिला प्रश्न येतो तो खिडकीचा. ही बाई मनोविकार विभागाची की मेंदूविकार विभागाची? वर्तन पाहणारा म्हणतो, मनोविकार. आकडी पाहणारा म्हणतो, मेंदूविकार. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी प्रामाणिक असतात, दोघांच्याही दाराशी शंभर रुग्ण ताटकळलेले असतात. या ये-जा करण्यात जे दिवस जातात त्यांची किंमत मुलीचा मेंदू चुकवतो.

ही विभागणी रोगाने केलेली नाही. ती इमारतींनी, कायद्यांनी आणि अंदाजपत्रकांच्या शीर्षकांनी केलेली आहे. १९१२ च्या ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’ने वेड्याला समाजापासून दूर ठेवण्याची व्यवस्था केली, आणि तो कायदा स्वातंत्र्यानंतरही चाळीस वर्षे चालू राहिला. १९८७ चा कायदा त्याच्या जागी आला, त्यानंतर २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा. या शेवटच्या कायद्याने, विशेषतः त्याच्या २१ व्या कलमाने, मानसिक आजाराच्या रुग्णाला शारीरिक आजाराच्या रुग्णाबरोबरीची वागणूक, तातडीची सेवा आणि विमासंरक्षण मिळण्याचा हक्क दिला. कायद्याची भाषा उत्तम आहे. पण मनोरुग्णालय एका गावाला, मेंदूचा आलेख काढणारे यंत्र दुसऱ्या गावाला आणि पाठीच्या मणक्यातील पाणी तपासणारी प्रयोगशाळा तिसऱ्या गावाला असेल, तर बरोबरीचा हक्क बजावायचा कोणी व कसा?

बंगळूरमध्ये याच्या उलट घडले. १९७४ साली तेथील सरकारी मनोरुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांचे विलीनीकरण करून निमहान्स ही संस्था उभी राहिली. मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान हे दोन्ही शब्द तिच्या नावातच आहेत. मनोविकारतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञ एका आवारात काम करतात, प्रतिपिंडांची तपासणी तेथेच होते. स्वप्रतिकारजन्य मेंदूदाहाच्या भारतीय रुग्णांविषयी गेल्या दशकाहून अधिक काळात जे लेखन झाले, त्यातील मोठा भाग या संस्थेतून आलेला आहे. यात योगायोग नाही. महाराष्ट्राने आपली ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरीची जुनी मनोरुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांशी अशी एकजीव केली नाहीत. त्यांचे खाते वेगळे, त्यांची दुनिया वेगळी.

वेडाचे कारण देहात सापडल्याची ही पहिलीच वेळ नव्हे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील वेड्यांची इस्पितळे ज्या लकव्यासह येणाऱ्या भ्रमिष्टपणाने भरलेली होती, त्याचे मूळ उपदंशाच्या जंतूत आहे हे १९१३ मध्ये नोगुची व मूर यांनी मृतांच्या मेंदूत तो जंतू दाखवून सिद्ध केले. पेनिसिलिन आल्यावर तो रोग मनोरुग्णालयांतून जवळजवळ हद्दपार झाला. आपल्या अधिक जवळचे उदाहरण दख्खनचे आहे. ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांना होणाऱ्या पेलाग्रा या रोगात कातडी काळवंडते, जुलाब होतात, आणि माणूस उदास, भ्रमिष्ट होतो. हैदराबादेत डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास या रोगाचा ज्वारीतील घटकांशी असलेला संबंध तपासला. नायसिन या जीवनसत्त्वाच्या स्वस्त गोळ्यांनी तो बरा होतो. म्हणजे ज्याला वेड म्हणून हिणवले जात होते ते ताटातल्या दारिद्र्याचे लक्षण होते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून अधिक काय सांगावे?

मेंदूदाहाच्या बाबतीत दारिद्र्य हे रोगाचे कारण नाही. श्रीमंताच्या मुलीलाही तो होतो. न्यूयॉर्कमधील पत्रकार सुझॅना कहालन हिला २००९ मध्ये हा विकार झाला. एका डॉक्टरने तिला घड्याळाचे चित्र काढायला सांगितले, तेव्हा तिने सर्व आकडे एकाच बाजूला लिहिले, आणि मेंदूचा अर्धा भाग नीट चालत नाही हे त्याने ओळखले. तिने नंतर या आजारावर पुस्तक लिहिले. त्या डॉक्टरने वापरलेले साधन म्हणजे कागद आणि पेन्सिल. निदानाची पहिली पायरी इतकी स्वस्त असू शकते. काही आठवड्यांत उसळलेले वेड, त्याआधी आलेला ताप व डोकेदुखी, पूर्वी कधी न आलेली आकडी, झपाट्याने गेलेली स्मृती, अडखळलेली वाचा, तोंडाच्या व हातांच्या विचित्र हालचाली, ताठरलेले शरीर: यांपैकी काहीही दिसले की रुग्णाला केवळ मनोविकाराच्या खिडकीवर सोडून चालणार नाही, एवढे तालुक्यातील प्रत्येक डॉक्टरला, परिचारिकेला आणि आशा सेविकेला शिकविता येते. त्यासाठी परदेशी कर्ज काढावे लागत नाही.

खर्च पुढच्या पायरीवर येतो. मेंदूचा आलेख व मणक्यातील पाण्याची साधी तपासणी फार महाग नाही. प्रतिपिंडांची तपासणी खाजगी प्रयोगशाळेत करावयाची, तर काही हजार रुपये लागतात, म्हणजे कंत्राटी कामगाराच्या महिन्याच्या कमाईतला मोठा वाटा. उपचारांत स्टेरॉइड स्वस्त आहे आणि सुरुवात बहुधा त्यानेच होते. इम्युनोग्लोब्युलिन मात्र तसे नाही. ते रुग्णाला दर किलो वजनामागे दोन ग्रॅम या हिशेबाने देतात. पन्नास किलोच्या मुलीला १०० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या २० बाटल्या. हा खर्च लाखांत जातो. आणि हे औषध बनते कशापासून? हजारो माणसांच्या रक्तातील प्लाझ्मा एकत्र करून. आपल्याकडे स्वेच्छेने, विनामोबदला दिलेल्या रक्तातून उरणारा प्लाझ्मा कारखान्यांकडे जातो आणि दात्याच्याच वर्गातील रुग्णाला न परवडणाऱ्या बाटलीच्या रूपाने परत येतो. परळच्या केईएम रुग्णालयात प्लाझ्मा विभाजनाचे राष्ट्रीय केंद्र सार्वजनिक क्षेत्रात उभारण्यात आले होते. त्या वाटेने देश नेटाने पुढे गेला असता, तर या औषधाची किंमत आज बाजाराने ठरविली नसती. सार्वजनिक निर्धाराने व देशी तंत्राने औषधे स्वस्त होतात याचा दाखला दूर नाही. दुसऱ्या फळीत वापरले जाणारे रिटुक्सिमॅब हैदराबादच्या एका कंपनीने २००७ सालीच देशात तयार केले आणि मूळ परदेशी औषधापेक्षा पुष्कळ कमी किमतीला आणले.

शासनाजवळ पैसा नाही, हे उत्तर आता ऐकून घेण्याचे कारण नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिलान-बारे या विकाराचा उद्रेक झाला. तोही स्वप्रतिकारजन्यच विकार. त्यात प्रतिकारयंत्रणा मेंदूऐवजी हातापायांच्या मज्जातंतूंवर हल्ला करते, आणि त्यावरही हेच इम्युनोग्लोब्युलिन वापरतात. वृत्तपत्रांत मथळे आले, आणि शासनाने व महापालिकांनी ठरावीक रुग्णालयांत मोफत उपचारांची घोषणा केली. ते योग्यच झाले. मग विचारावयाचे एवढेच की, एका रस्त्यावर एकदम आलेल्या रुग्णांसाठी जी तिजोरी उघडते ती वर्षभरात विखरून आलेल्या रुग्णांसाठी का उघडू नये? हातपाय लुळे पडलेल्या माणसाचा आजार चटकन पटतो. जी ओरडते, संशय घेते, कपडे फाडते, तिचा आजार पटत नाही. तिच्या वाट्याला दोरखंड येतो.

दोरखंड हा शब्द अलंकाराने वापरलेला नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडीच्या आगीत २८ मनोरुग्ण साखळदंडात बांधलेल्या अवस्थेत जळून मेले. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या मिषाने माणसाला बांधणे, मारणे आता गुन्हा आहे. पण भगताकडे जाणारा माणूस केवळ अज्ञानामुळे जातो, असे मानणे ही मध्यमवर्गीयांची सोयीची समजूत आहे. भगत त्याच दिवशी भेटतो, हप्त्याने पैसे घेतो, आणि घरच्यांशी तासभर बोलतो. सरकारी दवाखाना यांतले काय देतो, हे चळवळीने स्वतःला विचारले पाहिजे.

या विकाराचा बोजा तरुण स्त्रियांवर पडतो, ही गोष्ट भारतात विशेष भयावह आहे. एकविशीच्या आसपास, म्हणजे नेमकी लग्नाची किंवा नुकते लग्न झाल्याची वेळ. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मनोविकृती हे घटस्फोटाचे कारण आहे. १९८८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, स्किझोफ्रेनिया हा शब्द कागदावर आहे एवढ्याने भागत नाही, आजाराची तीव्रता सिद्ध व्हावी लागते. परंतु नांदविण्याचे नाकारणारा नवरा न्यायालयापर्यंत जातोच कुठे? तो बायकोला माहेरी पोहोचवितो आणि दुसरी आणतो. परित्यक्तांचा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्यांनी महाराष्ट्राच्या वेशीवर टांगला, त्याला कित्येक वर्षे झाली. त्या परित्यक्तांत ‘डोके फिरले’ म्हणून टाकलेल्या किती होत्या, आणि त्यांतील कितींची एकदा तरी मेंदूच्या दृष्टीने तपासणी झाली होती, हे कोणी मोजलेले नाही. मनोरुग्णालयात बऱ्या होऊनही न्यायला कोणी आले नाही म्हणून राहिलेल्या स्त्रियांचा प्रश्न याच जातीचा आहे.

येथे एक धोका स्पष्टपणे नोंदविणे अवश्य आहे. मनोविकाराच्या बहुसंख्य रुग्णांना हा मेंदूदाह नसतो. प्रत्येक स्किझोफ्रेनियाच्या मागे प्रतिपिंडे शोधत सुटणे ही शास्त्राची थट्टा होईल आणि खाजगी प्रयोगशाळांची चंगळ. शिवाय त्यातून एक नवा उच्चनीच भाव जन्माला येण्याची भीती आहे. ‘आमच्या मुलीला वेड नव्हते हो, मेंदूला सूज होती,’ असे समाधानाने सांगणारे घर शेजारच्या घरातील मनोरुग्णाला आणखी एक पायरी खाली ढकलते. ज्याच्या आजाराचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही त्याचे दुःख कमी प्रतीचे ठरत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत देशातील दहापैकी एका प्रौढाला कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि त्यातील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. मेंदूदाहाच्या रुग्णासाठी जी सोय मागावयाची, तिचे दार या सर्वांसाठी उघडे असले पाहिजे.

म्हणून मागणी नेमकी हवी. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ रोजी झाली. जून २०२० मध्ये निर्वाचित सभागृहाची मुदत संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात आरोग्यावर सभागृहात चर्चा होण्याचा प्रश्नच नव्हता. आता महापालिकेच्या एका रुग्णालयात मेंदूचा आलेख काढण्याची आणि मणक्यातील पाणी काढून तपासण्याची सोय चोवीस तास असावी. तेथे आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मनोविकारतज्ज्ञ व मेंदूविकारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून रुग्ण पाहावेत. प्रथमच आणि अचानक वेड उसळलेल्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी झाल्याखेरीज त्याला ठाण्याला पाठवू नये. प्रतिपिंडांचे नमुने शासनाच्या खर्चाने सार्वजनिक प्रयोगशाळेत जावेत, आणि रुग्णाला अहवालाची वाट पाहत उपचारावाचून ठेवू नये. महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या यादीत स्वप्रतिकारजन्य मेंदूदाहाचे नाव, इम्युनोग्लोब्युलिन व प्लाझ्मा बदलण्याच्या उपचारासह, स्पष्ट शब्दांत असावे. रुग्ण मनोविकार विभागात दाखल आहे या सबबीवर ते नाकारले जाऊ नये. १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम व १९९६ पासूनचा जिल्हा कार्यक्रम यांचे पैसे पालघर जिल्ह्यात कोणत्या तालुक्यात, कशावर खर्च होतात याचा हिशेब जिल्हा नियोजन समितीपुढे मागावा. वसई, विरार, नालासोपारा व नायगाव येथील कार्यकर्त्यांनी वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या कामगारांच्या सह्या घेऊन हे निवेदन आयुक्तांना व पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांना द्यावे, आणि उत्तर लेखी मागावे.